केक पॉप: लाडवासारखे वळायचे की आप्पेपात्रात भाजायचे?

वाढदिवस तोंडावर आलाय, पोरांना केक पॉप (काडीवर खोचलेले, चॉकलेटात बुडवलेले केकचे गोळे) हवेत आणि तुम्ही त्यासाठी यंत्र मागवायच्या बेतात आहात. जरा थांबा. केक पॉप या एका नावाखाली दोन निराळे पदार्थ खपतात. एकात तयार केक कुस्करून त्याचे गोळे वळतात, दुसऱ्यात केकचं पीठ थेट गोल साच्यात भाजतात. वरून चॉकलेट चढलं की दोन्ही जुळे भाऊ. दात लावला की फरक कळतो. पहिला घट्ट, ओलसर, बर्फीच्या अंगाने जाणारा. दुसरा हलका, जाळीदार, साधा केकच.

ज्याने रव्याचे लाडू वळलेत त्याला पहिला प्रकार शिकवावा लागत नाही. २५० ग्रॅम केकच्या कडक कडा काढून बारीक चुरा करायचा आणि आधी फक्त दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालायचं. मुठीत दाबून बघा. मूठ वळली आणि तळव्याला चिकटलं नाही, की हात आवरा. भुगा पडत असेल तर अजून एक चमचा, पण तेवढाच. ‘जरा मऊ होतील’ म्हणून मी पहिल्यांदा सढळ हाताने ओतलं आणि तीन गोळे काडी सोडून चॉकलेटच्या मगात बुडाले. कंडेन्स्ड मिल्कऐवजी बटरक्रीम किंवा गनाश (क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) चालतं. व्हिप्ड क्रीम नको. त्याला पाणी सुटतं आणि माल टिकत नाही. एवढ्या चुऱ्यात २५ ग्रॅमचे साधारण १२ गोळे होतात. बिनअंड्याचा, थोडा भुसभुशीत केक इथे उलट सोयीचा. फसलेला, मध्ये बसलेला केकही इथे खपून जातो. मात्र मुळात गोड केक, त्यात कंडेन्स्ड मिल्क, वर चॉकलेट: मोठ्यांना एकात पुरे होतं.

गोड कमी हवं असेल तर आप्पेपात्र बाहेर काढा. खळगे पाऊण भरायचे, झाकण, मंद आच. कडा सुटल्या की विणकामाच्या सुईने उलटायचं. सपाट टोपी नको असेल तर एकदम पालथं न घालता, मधलं पीठ ओलं असतानाच पाव वळण द्या, म्हणजे ते खाली ओघळून गोल पुरा होतो. डेन्मार्कमध्ये एब्लेस्किव्हर नावाचे गोल पॅनकेक अशाच खळग्यांच्या तव्यात, असेच सुईने फिरवून करतात. बिडाच्या पात्रात बाहेरून जो खमंग तांबूसपणा येतो तो ओव्हनमध्ये येत नाही. त्यावर चॉकलेट थापणं मला तरी जिवावर येतं, मी नुसती पिठीसाखर भुरभुरते.

काडी हा मात्र या प्रकाराचा कच्चा दुवा. हलक्या केकमध्ये भोक मोठं होतं आणि जाड आवरणाच्या भाराने गोळा डुगडुगतो. शिवाय हे त्याच दिवशी खावेत, दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. वळलेले गोळे आदल्या रात्री करून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. ज्या घरात वाढदिवसाचा सगळा स्वयंपाक एकाच बाईच्या गळ्यात असतो, तिथे ही सोय चवीपेक्षा मोठी.

विजेचं यंत्र? ते आप्पेपात्राचंच काम दोन्ही बाजूंनी एकदम करतं. ऑर्डरी घेत असाल तर घ्या, एका वाढदिवसासाठी नको.

चॉकलेटची निवड दोन्हीकडे सारखीच. अस्सल डार्क चॉकलेट साधारण ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ वर उतरवून, पुन्हा ३१-३२ ला आणावं लागतं, तेव्हा कुठे चकाकी आणि कडकपणा येतो. मे महिन्यात पंख्याखाली हा खेळ जमत नाही. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य चरबी असते, त्यामुळे ते वितळवलं की लगेच वापरता येतं. चव किंचित मेणचट लागते, पण मुलं तक्रार करत नाहीत. पाण्याचा थेंब मात्र दोघांनाही वर्ज्य, नाहीतर चॉकलेटचा घट्ट गोळा होतो.

पहिल्यांदा करताय आणि पोरं वीसेक आहेत, तर वळलेले आणि कंपाउंड. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात निम्म्यापर्यंत खोचा, २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग ५ मिनिटं बाहेर. गारठलेला गोळा गरम चॉकलेटमध्ये घातला तर आवरण आधी घट्ट होतं, आतला गोळा नंतर फुगतो आणि तडा जातो. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या पॉपना घाम फुटतो, म्हणून डबा लगेच उघडू नका, तसाच बाहेर थोडा वेळ राहू द्या. काड्या उभ्या करायला थर्माकोल नसेल तर अर्धा कोबी पालथा ठेवून त्यात टोचा. दुसऱ्या दिवशी त्याची भाजी करता येते.