सॅफ, हायड्रोजन की बॅटरी: गोव्यातल्या मोपाहून उडणाऱ्या विमानाचा कार्बन खरोखर शून्य होतो का?

कामासाठी वरचेवर माणसे विमानाने पाठवणाऱ्या हॉटेलांना आणि कंपन्यांना आता तिकिटाबरोबर ‘हरित इंधना’चा पर्याय दिसू लागला आहे. थोडे जास्त पैसे भरा आणि प्रवास कार्बनमुक्त करा, असे त्यात सांगितलेले असते. पैसे भरण्याआधी एवढे लक्षात घ्या की कार्बनमुक्त म्हणावे असे एकही विमान इंधन आज नाही. काही इंधनांचा कार्बन खरोखर खूप कमी असतो, काहींचा नावापुरताच कमी असतो, तर काही एटीएफपेक्षाही, म्हणजे विमानाच्या नेहमीच्या इंधनापेक्षाही, वाईट ठरतात. इंजिनातून काय बाहेर पडते एवढेच पाहिले तर हा फरक दिसत नाही. इंधनातला कार्बन कुठून आला आणि ते बनवायला वीज कुठली वापरली, हे विचारावे लागते.

सॅफ: धूर तोच, हिशेब वेगळा

१ किलो एटीएफ जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शाश्वत विमान इंधन, म्हणजे सॅफ, जाळले तरी आकडा जवळपास तेवढाच येतो, कारण तेही हायड्रोकार्बनच आहे. फायदा एवढाच की हा कार्बन जमिनीखालून उपसलेला नसतो. वनस्पतीने तो काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो.

पण हा फायदा कच्च्या मालावर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कॉर्सिया या योजनेत साध्या इंधनाचा जीवनचक्रातला, म्हणजे तयार होण्यापासून जळेपर्यंतचा, भार दर मेगाज्यूल ऊर्जेला ८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. तळणीच्या वापरलेल्या तेलापासूनच्या सॅफला १३.९ ग्रॅम धरतात, म्हणजे ८४ टक्के घट. उरलेला भार तेल गोळा करणारे टेम्पो, रिफायनरीतली उष्णता आणि प्रक्रियेत लागणारा हायड्रोजन यांचा असतो. अमेरिकन मक्याच्या इथेनॉलपासूनचे सॅफ जमीनवापरातला बदल धरला की ९० च्या आसपास जाते. पामतेल गिरणीचे सांडपाणी उघड्या तळ्यात सोडले जात असेल, तर त्या तेलाचे सॅफ ९९ वर पोचते. म्हणजे ‘सॅफ’ या एका नावाखाली १४ पासून ९९ पर्यंत काहीही असू शकते.

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांचा या इंधनाशी थेट संबंध आहे. तळणीच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी घातक द्रव्ये) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासून तसा नियम आहे, आणि असे तेल गोळा करून इंधनाकडे वळवण्यासाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची ‘रुको’ ही योजना आहे. तेल देणाऱ्याने ते कोमट असताना गाळावे, झाकणाच्या वेगळ्या डब्यात भरावे आणि भांडी धुतलेले पाणी त्यात मिसळू देऊ नये. मासे तळलेल्या तेलात मीठ, मसाला आणि पिठाचा गाळ उतरतो. मिठातल्या क्लोराइडने रिफायनरीची यंत्रे गंजतात, फॉस्फरस आणि धातूंच्या अंशांनी उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून तेल आधी शुद्ध करतात. मग जास्त दाबाखाली हायड्रोजन देऊन त्यातला ऑक्सिजन काढतात आणि शेवटी रेणूंची रचना बदलतात. हा शेवटचा टप्पा नीट झाला नाही तर इंधन थंडीत मेणासारखे घट्ट होते. विमानाच्या इंधनाला उणे ४७ अंशांपर्यंत प्रवाही राहावेच लागते.

आता प्रमाण पाहा. १ टन तेलातून सगळे द्रव इंधन मिळून साधारण ८०० किलो निघते. गोवा-दिल्ली फेरीला १८६ आसनांच्या विमानाला ५ टन इंधन लागते असे धरू. त्यातला प्रत्येक थेंब सॅफचा हवा असेल, तर सहा टनांहून जास्त तेल, म्हणजे १५ किलोचे चारशेवर डबे लागतील, तेही फक्त जाण्यासाठी. तळणीचे तेल उत्तम कच्चा माल आहे, पण ते अपुरे आहे. टंचाई असल्यामुळेच कोरे पामतेल ‘वापरलेले’ म्हणून खपवण्याची लबाडी या धंद्यात होते.

शिवाय आजच्या नियमांत सॅफ जास्तीत जास्त ५० टक्के मिसळता येते. जुन्या विमानांतल्या रबरी सीलना एटीएफमधल्या अरोमॅटिक घटकांमुळे थोडी फुगण्याची सवय झालेली असते. शुद्ध सॅफमध्ये हे घटक नसल्याने सील आक्रसतात आणि गळती होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला १०० टक्के सॅफवर विमान गेले, पण त्यातही १२ टक्के भाग मुद्दाम बनवलेल्या अरोमॅटिक इंधनाचा होता.

तेलापासूनचे सॅफ ५ टक्के मिसळले तर घट होते सव्वाचार टक्के. दिल्लीच्या त्या फेरीत एका आसनामागे ८५ किलो कार्बन डायऑक्साइड येतो, त्यातला साडेतीन किलो कमी झाला असे समजा. म्हणून ‘सॅफवर उडणारे विमान’ हे शब्द ऐकले की आधी टक्केवारी विचारा.

हायड्रोजन: धूर स्वच्छ, वीज नाही

हायड्रोजन जळताना कार्बन डायऑक्साइड अजिबात निघत नाही, निघते ती पाण्याची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. हायड्रोजन न जाळता त्यापासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये ऑक्साइडेही नाहीत. पण १ किलो हायड्रोजन पाण्यापासून बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडवर दर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ३६ किलोच्या आसपास झाला. तेवढ्याच ऊर्जेचे एटीएफ २.८ किलो होते आणि ते जाळल्यावर निघतो ८.८ किलो. ग्रिडच्या विजेवरचा हायड्रोजन चौपट घाण करतो. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन बनवताना कारखान्यातच ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तिथेही काही वाचले नाही. फक्त सौर किंवा पवन विजेवर बनवला तरच अर्थ आहे, आणि भारताच्या २०२३ च्या व्याख्येतही हरित हायड्रोजनला दर किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडपर्यंत मुभा आहे.

त्यात तो द्रवरूपात उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी चौपट मोठी लागते, आणि पंखांत जागा नसल्याने प्रवाशांची आसने काढून ती धडात बसवावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये डॉर्नियर २२८ चे एक इंजिन हायड्रोजनवर चालवून चाचणी झाली. मोठ्या हायड्रोजन विमानासाठी एअरबसने २०३५ हे वर्ष सांगितले होते, तेही पुढे ढकलले गेले. आजच्या निर्णयात हा पर्याय धरू नका.

हवेतला कार्बन आणि हरित हायड्रोजन एकत्र करून बनवलेल्या ई-इंधनाची गोष्टही विजेचीच आहे. एका लिटरला २० ते २५ युनिट लागतात. ग्रिडची वीज वापरली तर १४ ते १७ किलो कार्बन डायऑक्साइड निघेल, तर एक लिटर एटीएफ जाळून अडीच किलोच निघतो.

बॅटरी

एटीएफच्या एका किलोत सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, चांगल्या बॅटरीत २५० च्या आसपास. मोटार इंजिनापेक्षा कार्यक्षम असली तरी ही दरी भरत नाही. युरोपात २०२० मध्ये प्रमाणित झालेले दोन आसनी पिपिस्ट्रेल वेलिस साधारण ५० मिनिटे उडते. शिकाऊ वैमानिकांना ते ठीक आहे. गोव्याहून लक्षद्वीपमधल्या अगात्तीला जायचे तर समुद्र ओलांडून, हवामान बिघडल्यास शेकडो किलोमीटरवरच्या पर्यायी धावपट्टीपर्यंत पुरेल एवढी शिल्लक बाळगावी लागते. बॅटरीला ते जमत नाही.

पांढऱ्या रेघांचे काय?

जेट विमानामागे उमटणारे बर्फकणांचे पट्टेही पृथ्वी तापवतात, आणि कोणत्याही कार्बन प्रमाणपत्रात ते मोजलेले नसतात. सॅफमध्ये काजळी कमी असल्याने बर्फकण कमी होतात. नासा आणि जर्मनीची अंतराळ संस्था डीएलआर यांच्या चाचण्यांत मिश्रणाने ते ५० ते ७० टक्के घटले. हायड्रोजनमधून तेवढ्याच ऊर्जेला अडीचपट वाफ निघते, म्हणून तिथे काळजी जास्त. मोपाहून चालणाऱ्या फ्लाय९१ या कंपनीची एटीआर ७२-६०० ही पंख्यांची विमाने २५,००० फुटांखालीच उडतात. आपल्या उष्ण आकाशात त्या उंचीवर उणे ४० अंश नसते, त्यामुळे पट्टे सहसा उमटत नाहीत आणि छोट्या अंतरावर इंधनही कमी लागते. याच जातीच्या विमानाने जून २०२२ मध्ये स्वीडनमध्ये दोन्ही इंजिनांवर १०० टक्के सॅफ वापरून चाचणी उड्डाण केले होते. छोट्या अंतराच्या प्रवासात इंधनाचे नाव पाहण्याआधी विमानाचा प्रकार पाहा.

पैसे भरायचे असतील तर

तुमचे सॅफ तुमच्या विमानात पडत नाही. ते दुसऱ्याच विमानतळावर भरले जाते आणि तुम्हाला कागद मिळतो. म्हणून तो कागद तपासा: कच्चा माल कोणता, दर मेगाज्यूलला किती ग्रॅम, आयएससीसी किंवा आरएसबी या शाश्वतता तपासणाऱ्या व्यवस्थांचे प्रमाणपत्र आहे का, लिटर शुद्ध सॅफचे की मिश्रणाचे, आणि तीच घट विमान कंपनीही आपल्या खात्यात दाखवते का. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये आयएससीसी कॉर्सिया प्रमाणपत्र मिळाले आहे, त्यामुळे देशातला पुरवठा मागता येईल.

आणखी एक बाब. सॅफ मिसळण्याचे सरकारी उद्दिष्ट, २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के, हे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे. तिथे या उद्दिष्टापोटी जे मिसळले जाणारच आहे, त्यासाठी आपले पैसे देऊ नका. देशांतर्गत फेरीसाठी दिलेले पैसे मात्र खरोखर जादाचे सॅफ विकत घेऊ शकतात.

मुंबईपुरताच प्रवास असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: सॅफच्या कागदाचे पैसे वाचवा आणि मडगावहून वंदे भारत पकडा. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. ती वीजही बहुतांशी कोळशाची आहे, पण माणसाला जमिनीवरून ओढायला ती विमानाच्या मानाने फारच थोडी लागते. पावसाळा सोडून पावणेआठ तास लागतात, तेव्हा सकाळची बैठक असेल तर आदल्या दिवशी निघावे लागेल.