एनएसी कॅप्सूल: बायपोलर असेल तर घेण्याआधी हे वाचा

मला बायपोलर आहे (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार), त्यावरचं औषध लिथियम बरीच वर्षं चालू आहे, आणि डॉक्टरांना विचारूनच या एनएसीच्या (एन-ॲसिटिल सिस्टीन) कॅप्सूल सुरू केल्या, आता सहा महिने झाले. ५०० मिलिग्रॅमची एक, सकाळी दोन रात्री दोन. डबा उघडला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, माल खराब नाहीये, एनएसीमध्ये गंधकच असतं. रिकाम्या पोटी मात्र मळमळतं.

डब्यावर लिहिलंय, पेशींवरचा ताण कमी करते, मूड स्थिर ठेवते. त्यातलं पहिलं अगदीच हवेतलं नाही. एनएसीपासून शरीर ग्लुटाथायोन नावाचं रसायन बनवतं, आणि ऑक्सिडेशनचा, म्हणजे पेशींची झीज करणाऱ्या ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांचा, मारा पेशीत मुख्यतः तेच झेलतं, बायपोलर असलेल्यांच्या रक्तात या माऱ्याच्या खुणा जास्त सापडतात. शिवाय पेशीत चुकीच्या घड्या पडलेली प्रोटीन्स साचली की एक अलार्म वाजतो, नवीन प्रोटीन बनवणं कमी होतं आणि घड्या नीट घालणारी मदतनीस प्रोटीन्स वाढतात, तर बायपोलर लोकांच्या रक्तपेशींमध्ये हा अलार्म कमी पडतो असं लॅबमध्ये दिसलंय. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, कारण इतकी वर्षं फक्त ‘मनाने खंबीर हो’ एवढंच ऐकलंय.

पण मूड स्थिर ठेवते हे लिहायला नको होतं. २००८ च्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये ७५ जण होते, रोज २ ग्रॅम, २४ आठवडे, डिप्रेशन कमी झालं. २०१९ च्या मोठ्या ट्रायलमध्ये १६ आठवड्यांनी डमी गोळीपेक्षा ठळक फरक नव्हता, ते डब्यावर कुठेच छापलेलं नाही. मला सकाळचा जडपणा जरा कमी वाटतो, पण त्याच दरम्यान झोपही सुधारलीये, त्यामुळे कॅप्सूलमुळेच असं मी म्हणणार नाही.

आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मागवत असाल तर थांबा!! मी आधी त्याच मागवलेल्या. त्यात सोडियम बरंच असतं, ते एकदम वाढलं की किडनी लिथियम जास्त बाहेर टाकते आणि रक्तातली त्याची लेव्हल खाली येते, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बदलल्या. विकणाऱ्यांनी यावर एक ओळ लिहू नये याचा खरंच राग आला.

पाचपैकी तीन स्टार. हे घेऊन लिथियम सोडायचा विचार असेल तर प्लीज नको, त्या ट्रायल नेहमीच्या औषधांच्या जोडीलाच झाल्यात, आणि ती मदतनीस प्रोटीन्स लिथियमसुद्धा वाढवतं, उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर तसं दिसलंय.