साधा कंटेनर की रीफर? उलव्यात हॉटेल टाकताना

जहाजावरच्या मालाच्या जुन्या कंटेनरमध्ये, म्हणजे लोखंडी डब्यात, नवी मुंबईतल्या उलव्यात हॉटेल टाकायचं आहे? न्हावा-शेवा बंदर शेजारीच, त्यामुळे जुना डबा मिळणं अवघड नाही. साधा घ्यायचा की रीफर, म्हणजे थंड माल नेणारा शीतडबा, हाच प्रश्न.

साध्या डब्याला खिडक्या हव्या तिथे काढता येतात. पण पन्हळी पत्रा हाच त्याचा आधार. मोठा भाग कापला की छत लचकतं. म्हणून कापण्याआधी कडेने बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करावी. साडेआठ फुटी डब्यात आत जेमतेम 2.39 मीटर उंची मिळते. इन्सुलेशन आणि सीलिंग लावल्यावर पंखा डोक्याला लागेल! साडेनऊ फुटी हायक्यूबच (जास्त उंचीचा डबा) घ्या. तळाच्या 28 मिमी प्लायवूडला बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. ते काढून टाका, निदान इपॉक्सीच्या (कडक होणाऱ्या राळेच्या) थराने पुरतं झाका.

रीफरच्या भिंतीत फोम आधीच असतो, एसीवर भार कमी. मात्र वेल्डिंगची ठिणगी फोमला लागली तर विषारी धूर होतो. कापलेली कड सील केली नाही, तर पावसाचं पाणी फोममध्ये मुरतं आणि इन्सुलेशन वाया जातं. ॲल्युमिनियमच्या खाचांच्या फरशीवर टेबलं डुगडुगतात.

बसायला आणि भट्टीला साधा, मासळी-दुधाच्या साठवणीला रीफर.