गॅरेजचं दार: स्प्रे, रोलर आणि रबर, एक हिवाळा व एक उन्हाळा काढल्यानंतर

दार न्यू जर्सीतल्या घराचं. १६ बाय ७ फूट, दोन गाड्यांचं, इन्सुलेशन असलेलं पत्र्याचं. वर आडव्या दांड्यावर पिळून बसवलेल्या दोन टॉर्शन स्प्रिंग आणि चेनवर चालणारा अर्ध्या हॉर्सपॉवरचा ओपनर, म्हणजे दार उघडणारी-मिटणारी मोटर. त्यावर वापरलेल्या वस्तू चारच: सिलिकॉन स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, नायलॉनचे नवे रोलर (दाराच्या कडेची छोटी चाकं) आणि दाराच्या तळाचं नवं रबर. बर्फाचा मोसम आणि त्यानंतरचा दमट उन्हाळा गेल्यावर यातलं काय कामाला आलं ते लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो. रोलर आणि रबर यांचे पैसे वसूल झाले. लिथियम ग्रीस निम्म्या जागी नसतं लावलं तरी चाललं असतं. सगळ्यात जास्त फायदा झाला तो तोल तपासण्याच्या सवयीचा, आणि तिला दमडी लागत नाही.

दार मोटर उचलते असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या मापाचं दार दीडशे ते अडीचशे पौंडांचं असतं आणि ते वजन स्प्रिंग तोलून धरतात. तोल बरोबर असेल तर मोटरच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा पौंड येतात. स्प्रिंग थकत गेली की बाकीचा भार मुकाट्याने मोटरवर चढतो. ओपनर कण्हत-कुंथत ओढत राहतो, आतलं नायलॉनचं गिअर झिजतं, मग "ओपनर गेला" म्हणून नवा बसवला जातो. मूळ दुखणं तसंच राहतं आणि नव्या ओपनरचीही तीच गत होते.

तपासणी महिन्यातून एकदा पुरे. दार पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून ते मोकळं करायचं. (उघड्या दाराची दोरी ओढू नका. स्प्रिंग मोडलेली असली तर अख्खं दार खाली कोसळतं.) मग हाताने तीन-चार फूट उचलून हळूच सोडून बघायचं. जागच्या जागी राहिलं तर छान. खाली घसरलं तर स्प्रिंग सैल पडली आहे, आपोआप वर निघालं तर जास्त पिळली गेली आहे. दोन्हीवर उपाय एकच: कारागीर बोलावणे. दार अडतंय म्हणून ओपनरचा फोर्स वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने दार चालू लागतं खरं, पण खाली कुणी सापडलं तर ते जोर लावत राहतं. म्हणून त्याच दिवशी दुसरी चाचणीही घ्यायची. दाराखाली टू-बाय-फोर लाकूड (इथली नेहमीची, दीडेक इंच जाडीची पट्टी) आडवं ठेवून दार बंद करायचं. लाकडाला टेकल्यावर दोन सेकंदांत ते उलटं फिरलं पाहिजे.

आता वंगण. महाराष्ट्रातून आलेल्यांच्या हाताला दुकानाच्या शटरची सवय असते. शटर जड झालं की दोन्ही बाजूंच्या खाचेत तेल सोडायचं. इथे नेमकं तेच करायचं नाही. ट्रॅकमध्ये, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पन्हळीत, रोलर फिरायला हवा, घसरायला नको. ट्रॅकला ग्रीस लावलं की धूळ आणि कचरा चिकटून त्याचा लगदा होतो आणि रोलर फिरण्याऐवजी फरफटत जातो. ट्रॅक फक्त फडक्याने पुसायचा. वंगण लागतं ते बिजागऱ्यांच्या सांध्यांना, रोलरच्या बेअरिंगना, स्प्रिंगच्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना आणि खुद्द स्प्रिंगला. घरोघरी असणारा डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे यासाठी नको. ते मुख्यतः द्रावक आहे, आधीचं वंगण धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं.

लिथियम ग्रीस टोकांच्या बेअरिंगमध्ये चांगलं टिकलं. बिजागऱ्यांवर मात्र उन्हाळा अर्धा सरेपर्यंत त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला आणि तो पुसत बसावं लागलं. तिथे सिलिकॉनच बरं. स्प्रिंगवरही सिलिकॉनचा हलका थर द्यायचा, खाली पुठ्ठा धरून, नाहीतर ते सगळं गाडीच्या काचेवर उतरतं. वेटोळ्यांमध्ये गंज धरला की ती एकमेकांवर घासतात, आणि तार तुटण्याची सुरुवात बहुतेकदा अशा गंजलेल्या खड्ड्यातूनच होते. वर्षातून तीन-चारदा फवारलं की पुरतं.

रोलरबद्दल जरा सविस्तर, कारण आवाजातला फरक इथेच पडतो. बिल्डर बसवून देतो ते रोलर बहुधा बेअरिंग नसलेले प्लास्टिकचे किंवा उघड्या गोळ्यांचे लोखंडी असतात. १३ गोळ्यांचं बंद बेअरिंग असलेले, २ इंची चाकाचे, ४ इंची दांड्याचे नायलॉन रोलर घ्यावेत. सात फुटी, चार फळ्यांच्या दाराला दहा लागतात आणि दहाचं पाकीट साधारण वीस ते चाळीस डॉलरला मिळतं. दार बंद, ओपनरचा प्लग काढलेला, ७/१६ इंची सॉकेट, आणि एका वेळी एकच बिजागरी: ती सोडवायची, रोलर बदलायचा, पुन्हा आवळायची आणि मगच पुढच्या बिजागरीला हात घालायचा. स्क्रू पत्र्यात बसतात, त्यामुळे फार जोर लावला तर आटे जातात.

कडेच्या बिजागऱ्यांवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. खालच्या सांध्याला १ आणि वर जाल तसा आकडा वाढतो. ट्रॅक किंचित तिरका असतो, वर जाताना दारापासून दूर सरकतो, म्हणून प्रत्येक बिजागरीत रोलरची जागा थोडी पुढे असते. सगळ्या एकदम काढून अदलाबदल झाली की दार वरती ताठून चालतं किंवा फटी राहतात. सगळ्यात वरच्या रोलरचं ब्रॅकेट मागे-पुढे सरकतं, तेव्हा काढण्याआधी त्याच्या जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

तळाचे दोन रोलर मात्र सोडून द्या. त्यांच्या ब्रॅकेटलाच दार वर ओढणारी तारेची केबल अडकवलेली असते आणि केबलवर स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो. दार बंद असताना तो ताण सगळ्यात जास्त. तिथला एक बोल्ट सैल केला तर ब्रॅकेट उडून हात फोडतं. स्प्रिंगच्या कामासाठी कारागीर येईल तेव्हा हे दोन त्याच्याकडून बदलून घ्यावेत.

हिवाळ्यात खरा त्रास तळाशीच होतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात; गाडीखालून त्याच मिठाचं पाणी ठिबकतं आणि उंबऱ्याशी साचतं. रात्री ते गोठतं, रबर जमिनीला चिकटतं आणि सकाळी बटण दाबल्यावर एकतर रबर फाटतं किंवा ओपनर थांबतो. झोपण्यापूर्वी तिथलं पाणी लोटून काढणं आणि थंडीच्या सुरुवातीला रबराला सिलिकॉन लावणं, एवढ्याने चिकटणं बरंच कमी झालं. जमिनीवर पडताच गोठणाऱ्या पावसात मात्र कशाचाच उपयोग होत नाही. नवं रबर खाचेत सरकवताना साबणाचं पाणी लावलं की सोपं जातं. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त ठेवून कापावं, कारण थंडीत ते आखडतं.

मिठाचा दुसरा बळी म्हणजे केबलचं खालचं टोक. मोसम संपला की तिथलं ब्रॅकेट साध्या पाण्याने पुसून घ्या आणि केबलच्या फाशापाशी बारकाईने बघा. एखादी तार जरी तुटून बाहेर आली असेल तरी केबल बदलायची वेळ झाली.

सेन्सरबद्दल थोडक्यात. दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलेले हे दोन डोळे; एक किरण सोडतो, दुसरा तो टिपतो, आणि मध्ये काही आलं की दार परत वर जातं. अमेरिकेत १९९३पासून घरगुती ओपनरला ते सक्तीचे आहेत आणि जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवायचे असतात. दार अर्धवट येऊन परत जात असेल तर आधी काच पुसा, कोळ्याचं जाळं काढा. ठरावीक वेळीच असं होत असेल तर किरण टिपणाऱ्या सेन्सरवर मावळतीचं ऊन पडत असतं. दोन सेन्सरच्या बाजू बदलल्या की बहुधा भागतं. रिमोट जवळ आल्याशिवाय चालेनासा झाला तर बॅटरीइतकाच संशय ओपनरमधल्या स्वस्त एलईडी दिव्यावर घ्या; तो रिमोटच्या सिग्नलमध्ये अडथळा आणू शकतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप बंधनकारक झाला, कारण २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना दारं उघडता आली नव्हती. बॅटरी मोटर चालवते, स्प्रिंगचं काम करत नाही. तोल बिघडलेलं दार वीज नसताना वयस्कर माणसाच्या हाताने उचललं जाणार नाही.

या कशानेही स्प्रिंग अमर होत नाही. नेहमीची स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची असते; एक उघडणं आणि एक बंद करणं मिळून एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आत संपली. तुटते ती बहुधा कडाक्याच्या थंडीत, सुतळी बॉम्बसारखा आवाज करून, आणि वेटोळ्यांत दोनेक इंचांची फट दिसते. मग बटण दाबायचं नाही. दोन्ही स्प्रिंग एकदम बदलाव्यात आणि २५,००० फेऱ्यांच्या मागाव्यात. जाड आणि लांब तारेचे जास्तीचे पैसे मजुरीच्या मानाने थोडे असतात. फोनवर नेमका भाव हवा असेल तर दार बंद ठेवून २० वेटोळ्यांची लांबी मोजून सांगा. ती ५ इंच भरली तर तार ०.२५० इंची. मोजताना टेप लावा, स्प्रिंगच्या टोकाच्या शंकूवरच्या स्क्रूंना पाना लावू नका; स्प्रिंगचा ताण त्यांनीच धरलेला असतो.