अँटिबायोटिकऐवजी वनस्पतीजन्य पूरक : ब्रॉयलरच्या चार बॅचनंतरचा अनुभव

आठ महिन्यांत ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या, चार बॅच काढल्या. आधी पिल्लं उतरली की पहिले चार-पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक ठरलेलंच असायचं, आजार असो वा नसो. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 2006 पासून पूर्ण बंद केलं, स्वीडनने तर 1986 मध्येच. तिकडे जमतं तर माझ्या शेडमध्ये का नाही, एवढाच प्रश्न होता.

पहिल्या बॅचला लसूण-हळद पावडर आणि ओव्याचं तेल थेट खाद्यात मिसळलं. फरक जवळजवळ शून्य. चूक माझ्या मिसळण्यात होती. एवढीशी मात्रा एकदम मोठ्या ढिगात टाकली की काही पिल्लांना जास्त जाते, काहींना काहीच नाही. आता आधी पाच किलो खाद्यात नीट कालवतो, मग तेच मोठ्या खाद्यात. दुसरं म्हणजे तेल उडून जातं. ओव्यातला थायमॉल आणि ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीचं आवरण सैल करतात, पण गोळीखाद्य बनवतानाच्या उष्णतेत आणि उघड्या पोत्यात त्यांचा जोर कमी होतो. आवरणात बंद केलेलं तेल घेतल्यावर आणि पोतं घट्ट बांधायला लागल्यावर दुसऱ्या बॅचपासून फरक दिसला: विष्ठा घट्ट, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस) कोरडं, अमोनियाचा वास कमी. वजन पूर्वीइतकंच भरलं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं, कारण अँटिबायोटिक वगळूनही काही गमावलं नव्हतं.

तिसऱ्या बॅचने मात्र झोप उडवली. पिल्लांना पाणी देणाऱ्या एका ओळीतले निपल (चोचीने दाबायच्या तोट्या) गळत होते आणि माझं लक्ष गेलं नाही. त्या कडेचं तूस ओलं राहिलं, चौथ्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. ओलावा आणि ऊब मिळाली की तिचे परजीवी वेगाने पसरतात. मी वनस्पती पूरकाची मात्रा वाढवून दोन दिवस वाट पाहिली, ते चुकलंच. त्या दोन दिवसांत मरतुक वाढली. पशुवैद्यांनी शवविच्छेदन करून औषध दिलं, तेव्हा ती थांबली. पक्षी आजारी पडला की पूरकावर विसंबू नका, हे मी कळकळीने सांगतो. राणीखेत आणि गंबोरो तर विषाणूंचे आजार. तिथे ना अँटिबायोटिक कामाचं, ना ओवा. लसच लागते. लसीच्या पाण्यात मी काहीही मिसळत नाही, क्लोरीनसुद्धा आधीच बंद करतो.

चौथ्या बॅचला मी पूरकापेक्षा शेडकडे जास्त लक्ष दिलं. निपलची उंची पिल्लांच्या वाढीबरोबर वर नेली, तूस रोज हलवलं, रात्रीही पडदे थोडे उघडे ठेवून हवा खेळती ठेवली, दोन बॅचमध्ये शेड पूर्ण दोन आठवडे रिकामं ठेवलं. आतापर्यंतची सगळ्यात सुखाची बॅच ही. यात पूरकाचा वाटा किती आणि कोरड्या लिटरचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पूर्वी शेडमधल्या माझ्या कितीतरी ढिलाया अँटिबायोटिकमागे झाकल्या जात होत्या, हे मात्र नक्की.

पूरक मी चालूच ठेवणार आहे. पहिल्या दिवसापासून, रोज, ठरलेल्या मात्रेत. जास्त घातलं तर उग्र वासाने पिल्लं खाद्य सोडतात, हेही पाहिलंय. औषध द्यावं लागलंच, तर तिसऱ्या बॅचसारखं करायचं: शेवटच्या मात्रेची तारीख शेडच्या दारावर लिहायची आणि पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत एकही पक्षी विकायचा नाही.