लोणावळ्यात उतारावरच्या बंगल्यात टर्फ कोर्ट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

तुंगार्लीच्या बाजूला आमचा जुना बंगला आहे, मागे टेकडीचा उतार, तिथे थंडीत ६० बाय ३० फुटांचं टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकून घेतलं. बॉक्स क्रिकेट, पोरांचा फुटबॉल, मधे नेट बांधून बॅडमिंटन, सगळं त्यावरच चालतं. आता दिवाळी झाली म्हणजे अख्खा उन्हाळा नि अख्खा पावसाळा बघून झाला, म्हणून लिहितोय. यूट्यूबवर सगळे टर्फ अंथरल्या दिवशीचाच व्हिडिओ टाकतात, लोणावळ्याचा ऑगस्ट कोणी दाखवत नाही.

टर्फबद्दल आधी उरकतो. दुकानदार पहिल्यांदा डीटेक्सचे आकडे फेकतात, आठ हजार, बारा हजार वगैरे. ते म्हणजे दहा हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस. धागा कितीही जाड असला तरी टाके विरळ असतील तर पाती महिन्याभरात आडव्या. सँपल उलटं करून मागचे टाके बघा, मूठभर पाती दाबून सोडा, उभ्या राहतात का बघा. आम्ही ४० एमएम उंचीच्या पातींचं घेतलं, अजून छान आहे, रंगही तसाच. त्याबाबत तक्रार शून्य.

तक्रार असते ती खालच्या जमिनीची, आणि पैसेही तिथेच गेले, टर्फच्या जवळपास दुप्पट. उतारावर सपाट जागा करायची म्हणजे वरच्या अंगाला टेकडी कापायची, तोच मुरूम खालच्या अंगाला भरायचा आणि भराव धरायला दगडी ताल बांधायचा. (उतार १:५ पेक्षा, म्हणजे पाच फुटांत एक फूट चढापेक्षा, जास्त असेल तर आपल्याकडे बांधकामच करता येत नाही, आधी नगरपरिषदेत विचारा, नंतर जेसीबी बोलवा.) म्हणजे अर्धं कोर्ट पक्क्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर, आणि भराव पहिल्या पावसात बसतोच. सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून रोलर, असं ठरलं होतं, खालचे थर तसे झालेही, पण शेवटी आमच्या कॉन्ट्रॅक्टरला दुसरी साइट गाठायची घाई झाली आणि वरचे दोन थर एकदमच दाबून मोकळा झाला. जुलै संपता संपता कापलेली नि भरलेली जमीन जिथे मिळते त्या रेषेवर लांबच लांब खळगा पडला, तिथे टप्पा पडला की बॉल सरपटतो. ऑक्टोबरमध्ये टर्फ उचलून खडी-कच भरून परत चिकटवून दिलं त्याने, भांडून, पण जोड आता दिसतो तो दिसतोच. वॉरंटीचा कागद काढला तर त्यात उन्हाने रंग उडणे वगैरे आहे, जमीन खचण्याबद्दल अक्षर नाही. घाई नसेल तर भराव करून एक पावसाळा तसाच सोडा, बसू दे काय बसायचा तो, मग टर्फ अंथरा.

आता पाणी. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. गंमत म्हणजे हे प्लास्टिकचं गवत गाजलं ते १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या छत असलेल्या स्टेडियममुळे, आणि आपण ते घाटमाथ्यावर उघड्यावर अंथरतो. वरून पडणारं पाणी सोपं असतं, ३० फुटांत साडेतीन इंच उतार दिला की वाहून जातं. त्रास खालून येतो, कारण श्रावणात टेकडीला उपळ म्हणजे झरे फुटतात, कापलेल्या बाजूने पाणी थेट टर्फच्या पोटात शिरतं आणि पाय ठेवला की पचपच. त्यासाठी वरच्या अंगाला खोल चर, चरात भोकांचा पाइप, भोवती खडी आणि जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), आणि खालच्या तालीला विप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायला भोकं, हे सगळं करून घेतलं होतं म्हणून वाचलो. शेजारच्या गल्लीत एकाने सरळ पीसीसीवर, म्हणजे साध्या काँक्रीटवर, टर्फ टाकलंय चर न काढता, त्याचं ऑगस्टमध्ये तळं होतं.

पातींच्या मधे भरतात ते रबराचे काळे दाणे आम्ही टाकलेच नाहीत, नुसती सिलिका वाळू. पावसात ते दाणे तरंगतात, ओढ्याला लागतात आणि खाली लोकांची भाताची खाचरं आहेत. युरोपने तर २०२३ मध्येच कायदा करून असे दाणे बंद करायला आठ वर्षांची मुदत दिलीय. वाळूवर घसरलं की गुडघे सोलतात हे खरं, पोरं ओरडतात, ट्रॅक पँट घाला म्हणतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी विसरा. अनवाणी पाय ठेवता येत नाही, पाणी मारलं तर जरा वेळ गार राहतं नि पुन्हा तापतं, आणि मेमध्ये पाणी मारायला आणायचं कुठून, टँकर मागवून टर्फ गार करणं आईला अजिबात पटत नाही. साडेपाचनंतरच खेळ. जूनच्या तोंडावर जांभळं पडतात, त्यांचे डाग लगेच धुतले तर जातात, वाळले की राहिले. पावसाळ्यात झाडाच्या सावलीतल्या पट्ट्यात शेवाळ येतंच, कडक नायलॉनच्या ब्रशने दर आठवड्याला घासावं लागतं, साधा खराटा काही कामाचा नाही.

जाळी खालच्या अंगाला उंचच हवी, आमची २० फूट आहे तरी षटकार दरीत जातो आणि बॉल शोधायला कोणी उतरत नाही. जूनआधी ती उतरवून ठेवा, वारा अडला की खांब वाकतात. माकडं फाडतात ते वेगळं, त्यावर उपाय सापडलेला नाही, दर महिन्याला सुतळी घेऊन बसतो.

पावसाने बरीच वाळू वाहून गेलीय, ती आता नव्याने टाकायचीय. नदीची किंवा क्रशरची वाळू फुकट मिळत असली तरी टाकू नका, मातीचा अंश असतो, टर्फच्या तळाची भोकं बुजतात आणि मग चर कितीही चांगला असू दे, पाणी वरच उभं राहतं.