रिपोर्ट स्पॅम, अनसबस्क्राइब की ब्लॉक? नको असलेल्या मेलसाठी कोणतं बटण

जीमेलमध्ये नको असलेला मेल आला की तीन मार्ग असतात. तिन्हींनी तो नजरेआड होतो, म्हणून बहुतेक जण हाताला येईल ते बटण दाबतात. पण प्रत्येक बटणाचा निरोप वेगळ्याला पोचतो: पहिल्याचा गूगलला, दुसऱ्याचा पाठवणाऱ्याला, तिसऱ्याचा फक्त तुमच्या मेलबॉक्सला.

‘रिपोर्ट स्पॅम’ केलं की मेलची प्रत गूगलकडे जाते आणि त्या पत्त्यावरून येणारे पुढचे मेलही स्पॅममध्ये वळू शकतात. लॉटरी, घरबसल्या कमाई असल्या अनोळखी मेलना हेच बटण. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा मेल असेल, तर तीन ठिपक्यांच्या मेनूतलं ‘रिपोर्ट फिशिंग’ वापरा. घोळ होतो तो ओळखीच्या पाठवणाऱ्यांबाबत. बँकेच्या कर्जाच्या ऑफर वैतागून स्पॅम करत राहिलात, तर त्याच पत्त्यावरून येणारं स्टेटमेंटही स्पॅममध्ये जाऊ शकतं.

अशा ठिकाणी ‘अनसबस्क्राइब’च योग्य. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल धाडणाऱ्यांनी जाहिरातींसाठी एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय द्यावी, असा नियम गूगलने २०२४ मध्ये आणला. नाव निघायला काही दिवस लागू शकतात, तेवढी कळ काढा. मात्र बटण वापरायचं ते पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचं. अनोळखी मेलच्या मजकुरातली तशी लिंक दाबू नका. तुमचा पत्ता चालू असल्याची खूण तिथून समोरच्याला मिळते, किंवा खोटं पान उघडतं.

‘ब्लॉक’ सगळ्यांत दुबळं. त्या एका पत्त्याचे मेल स्पॅममध्ये जातात, एवढंच. स्पॅम पाठवणारे रोज पत्ता बदलतात, त्यांच्यापुढे ते चालत नाही. एखादी ठरावीक व्यक्ती त्रास देत असेल, तर मात्र कामाचं.

आता उलट अडचण: हवा असलेला मेल स्पॅममध्ये. जीमेलचा स्पॅम ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो, आणि नेहमीच्या शोधात तो दिसतही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा फोल्डर उघडाच. तो तिथे का गेला, याचं कारण मेलच्या वरच्या पट्टीत दिलेलं असतं. खात्री पटली की ‘रिपोर्ट नॉट स्पॅम’. नुसता ओढून इनबॉक्समध्ये आणण्यापेक्षा हे बटण दाबलेलं बरं.

तरीही पुन्हा पुन्हा तेच होत असेल, तर संगणकावर सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस’ उघडा, नवा फिल्टर बनवा, ‘फ्रॉम’मध्ये पूर्ण पत्ता लिहा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा. संस्थेचं स्वतःचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) असेल तर तेवढंच टाकलं तरी चालतं. पण नुसतं जीमेल डॉट कॉम टाकू नका. त्या नावाचा आडोसा घेणाऱ्या कोणालाही दार उघडं होईल.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये हेच काम सोपं आहे. तिथे फोल्डरचं नाव ‘जंक ईमेल’, आणि ‘सेफ सेंडर्स’च्या यादीत पत्ता टाकला की झालं. संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये मात्र जंकच्या पर्यायांत एक चौकट असते: संशयित मेल फोल्डरमध्ये न हलवता थेट कायमचा पुसण्याची. ती रिकामीच ठेवा. तिथून गेलेला मेल जंकमध्ये शोधूनही सापडत नाही.